पावती एका नावाची: वरळीच्या बीडीडी चाळीतल्या एका खोलीचं प्रकरण

"ताई, तुझी सही लागतेय. आत्याचीही लागेल. खोली बाबांच्या नावावर कधी झालीच नव्हती गं."

२०२२ च्या दिवाळीनंतर चुलतभावाचा हा फोन आला. खोली म्हणजे वरळीच्या बीडीडी चाळीतली आमची खोली. माझा जन्म तिथला, चौदा वर्षांची होईपर्यंत मी तिथेच वाढले. १९८६ साली आम्ही डोंबिवलीला गेलो आणि काका-काकू मागे राहिले. तेव्हापासून आमच्या बोलण्यात ती 'काकांची खोली' झाली. कागदावर मात्र ती आजोबांचीच राहिली होती, आणि आजोबा जाऊन चाळीसवर वर्षं झाली होती. काकांनी इतकी वर्षं महिन्याच्या महिन्याला भाडं भरलं ते वडिलांच्या नावाने. पावती मिळत होती, पाणी येत होतं, त्यामुळे नाव बदलून घ्यायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. आता चाळ पाडायची वेळ आली, आणि नवं घर मिळणार ते पात्रता यादीत नाव असलेल्यालाच. काका २०१९ ला गेले, माझे बाबा त्याच्याही आधी. राहिलेल्या वारसांत चिपळूणची आत्या, मी आणि हा चुलतभाऊ.

हा पेच आमच्या एकट्यांचा नाही. चाळीत दर मजल्यावर अशी एक-दोन घरं सापडतील. म्हणून तो कसा सुटला हे मांडते आहे. सोडवताना इमारतीचा इतिहास उकरावा लागला, आणि त्यात जे हाती आलं ते मला पात्रतेपेक्षा मोठं वाटतं.

नाव जुळत नव्हतं

वारसांची ना-हरकत ही तशी सोपी गोष्ट वाटली होती. खरी अडचण दुसरीच निघाली. जुन्या भाडेपावतीवर आजोबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव आणि आडनावाच्या जागी गावाचं नाव होतं. रेशनकार्डावर आमचं खरं आडनाव. गिरणीत भरती होताना जॉबर, म्हणजे मजूर भरती करणारा मुकादम, विचारायचा, "कुठला तू?" त्याचं जे उत्तर मिळेल ते आडनाव म्हणून चढायचं, असं आत्या सांगते. तीच सवय भाड्याच्या वहीतही गेली असणार. आजोबांच्या पिढीला त्याचं काही वाटलं नाही, कारण मुंबईत माणसाची ओळख गावावरूनच व्हायची.

कार्यालयाने फाईल परत केली. शेरा होता 'नावात तफावत'. दोन नावांचा माणूस एकच आहे हे सिद्ध करा. दुसऱ्या खेपेला आधी दिलेली प्रतच सापडेना, म्हणून सगळे कागद पुन्हा जोडायला सांगितले. चुलतभाऊ बेस्टमध्ये आहे, रजा टाकून टाकून तो मेटाकुटीला आला. तेव्हा मी म्हटलं, मी येते, खोलीतलं सगळं एकदा उघडून बघू.

तुरुंगाची गोष्ट

लहानपणापासून मी ऐकत आले होते की या चाळी इंग्रजांनी तुरुंग म्हणून बांधल्या. चाळीत आजही कुणाला विचारा, निम्मी माणसं हेच सांगतील. पटण्यासारखंच आहे ते. मधोमध लांबलचक पॅसेज, दोन्ही अंगांना ओळीने दहा-दहा खोल्या, मजल्यावर सामाईक संडास, चहूकडे काँक्रीटच्या भिंती. या खेपेला आम्ही कागदांच्याच मागे होतो, म्हणून मी ही गोष्टही मुळापासून बघितली. ती उलटी आहे.

पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला गिरण्या जोरात होत्या. कोकणातून आणि घाटावरून माणसं येत होती, आणि त्यांना पाठ टेकायला जागा नव्हती. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी १९२० साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं. बीडीडी हे नाव त्याचंच. बेत होता कामगारांसाठी ५०,००० खोल्यांचा. त्यासाठी कर्ज उभारलं आणि मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर १ रुपया कर बसवला. याच खात्याने बॅक बे इथे समुद्र हटवायचं कामही हाती घेतलं होतं. त्यातल्या उधळपट्टीवर पुढे के. एफ. नरिमन यांनी झोड उठवली. ५०,००० खोल्यांच्या बेतातून अखेर उभ्या राहिल्या २०७ इमारती: वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला म्हणजे आताच्या ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीला १२. तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर २० खोल्या, इमारतीत ८०. म्हणजे सगळ्या मिळून साडेसोळा हजारांच्या आसपास.

आणि त्या भरेनात. १९२० च्या दशकातली वरळी म्हणजे वस्तीबाहेरची जागा. बऱ्याचशा गिरण्या परळ-लालबाग भागात, भोंगा पहाटेचा, जायला धड वाहन नाही. भाडंही मजुराला झेपणारं नव्हतं. ते उतरवावं लागलं, तरी वरळीच्या खोल्या मोठ्या संख्येने रिकाम्याच राहिल्या. १९३० साली सविनय कायदेभंग सुरू झाला, नेहमीचे तुरुंग सत्याग्रहींनी भरले, तेव्हा सरकारने वरळीच्या चाळींत तात्पुरता तुरुंग उघडला. म्हणजे बांधल्या कामगारांसाठी, आणि रिकाम्या होत्या म्हणून तिथे तुरुंग आला.

या फरकाचं महत्त्व मला फार वाटतं. 'तुरुंग म्हणून बांधल्या' म्हटलं की बांधणाऱ्यांची सुटका होते. तुरुंग तसाच असणार, असं आपण म्हणतो आणि पुढे जातो. पण कामगाराने बायकामुलांसह राहावं म्हणून जे घर आखलं, त्यात कैदी ठेवताना कुणाला काही वावगं वाटलं नाही, ही त्या आखणीची खरी हकीकत आहे.

खोली

१६० चौरस फूट. दारातून आत शिरलं की कोपऱ्यात मोरी, मोरीशेजारी पाण्याचं पिंप, वर आजोबांनी घालून घेतलेला पोटमाळा. भिंत काँक्रीटची, तिच्यात खिळा जात नसे. हातोडी मारली की खिळा वाकायचा आणि ठिणगी उडायची. म्हणून आजोबांनी सागाची एक पट्टी दाराच्या चौकटीपासून खिडकीच्या चौकटीपर्यंत नेऊन बसवली होती आणि सगळं घर त्या पट्टीला टांगलेलं असायचं: कालनिर्णय, देवाची तसबीर, बाबांचा गिरणीचा डबा, छत्र्या, माझं दप्तर. इतक्या वर्षांनी आत पाऊल टाकलं तर पट्टी जागेवर. तेलकट होऊन काळी पडलेली. मी खिळे मोजले, चौदा होते. वर मात्र स्लॅबचे पोपडे सुटून गंजलेल्या सळ्या उघड्या पडल्या होत्या आणि काकांनी त्याखाली प्लायवूड ठोकून घेतलं होतं. भावजय म्हणाली, "ताई, पावसात रात्री कधी आवाज आला की आधी पोरांच्या डोक्यावर हात जातो."

पॅसेजमध्ये भर दुपारीही दिवा लागायचा, अजून लागतो. दोन टोकांच्या खिडक्यांतून येणारा उजेड मधल्या खोल्यांपर्यंत पोचतच नाही. चाळीच्या आठवणी लिहिणारे या पॅसेजवर फार माया करतात आणि ती खोटी नाही. लग्नाच्या पंगती तिथे उठल्या, आमचे पत्ते तिथे रंगले, आजीचं मयत तिथे ठेवलं. पण मी मुलगी होते. रात्री संडासला जायचं म्हणजे झोपलेल्या पुरुषांच्या ओळीतून, पाय कुणाला लागू नये अशा बेताने जायचं. मी आजीला उठवायची. आजी कंदील घेऊन पुढे, मी तिचा पदर धरून मागे. तिने एकदाही कुरकुर केली नाही, आणि पहाटे चारला तिचाच स्टोव्ह पेटायचा.

झोपलेले पुरुष म्हणजे आमचे गाववाले. गिरणीच्या तीन पाळ्या होत्या: सकाळी सात ते साडेतीन, साडेतीन ते रात्री बारा, आणि बारा ते सात. पहिल्या पाळीचा उठून गेला की रातपाळीचा येऊन त्याच वळकटीवर आडवा व्हायचा. वळकटी दिवसभर गार पडत नसे. त्यांची ट्रंक आमच्या पोटमाळ्यावर आणि जेवण आजीकडे.

रद्दीतली वही

खोली रिकामी करायची म्हणून भावजयीने रद्दी वेगळी काढून ठेवली होती. तिची चूक नाही, १६० फुटांत किती जपणार? त्या गठ्ठ्यात लाल कापडी बांधणीची एक लांबट वही होती. आजीच्या खाणावळीचा हिशेब.

आजीला लिहिता येत नव्हतं. सुरुवातीची पानं बाबांच्या अक्षरात, मग काकांच्या, आणि शेवटची वीस-पंचवीस पानं कुणा लहान पोराच्या अक्षरात. मी पान उलटत होते आणि एकदम लक्षात आलं, हे माझंच अक्षर. 'खाडे' या शब्दातला 'ख' मी तेव्हा 'रव' असा सुटा काढायचे, त्यावरून बाईंचा मारही खाल्ला होता. नाव, गाव, खातं, महिना, खाडे, उचल, जमा. आजी सांगायची, मी लिहायची. खाडा म्हणजे न जेवलेला दिवस. तेवढे पैसे महिन्यातून वजा.

जानेवारी १९८२ च्या पानावर एकतीस नावं आहेत. पाच गावांतली. जेवायला एकतीस, त्यातली सोळा-सतरा झोपायलाही आमच्याकडे किंवा आमच्या दारापुढे. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. फेब्रुवारीच्या पानावर अकरा नावांपुढे मी 'गावी' असं लिहिलं आहे. एप्रिलमध्ये सहा नावं उरली. त्यापुढे वही कोरी. संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेला नाही, आमच्या वहीत तो असा संपला.

आणखी मागे गेलं की एक गोष्ट दिसते. ऑगस्ट १९८१ मध्ये, म्हणजे गणपतीच्या आधीच्या महिन्यात, बऱ्याच जणांचे खाडे एकदम वाढले आहेत, कुणाचे सात, कुणाचे नऊ, एकाचे अकरा. मला वाटलं श्रावण आहे, उपास असतील.

वहीच्या पुठ्ठ्याला आतून कागदाचा खिसा चिकटवलेला होता. त्यात दोन गोष्टी निघाल्या. एक आजीचं बँकेचं पासबुक. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं आणि गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांना सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळवून दिलं. आजी त्यातली एक होती हे मला कुणी सांगितलं नव्हतं. खोली आजोबांच्या नावावर, रेशनकार्ड आजोबांच्या नावावर, वहीत गिऱ्हाइकांची नावं. आजीचं स्वतःचं नाव सबंध घरातल्या कागदांत पहिल्यांदा आलं ते या पासबुकावर, आणि त्याखाली अंगठा.

दुसरा कागद आजोबांच्या ग्रॅच्युइटीचा. गिरणीचा शिक्का, तिकीट नंबर, आणि एका ओळीत सगळं: नाव, वडिलांचं नाव, आडनाव, मुक्काम पोस्ट गाव. ज्या दोन नावांसाठी आम्ही हेलपाटे घालत होतो ती इथे एकत्र होती. चुलतभाऊ वहीवर डोकं टेकवून बसला. थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही.

समोरची चाळ

कागदाबरोबर दोन साक्षीदारांची प्रतिज्ञापत्रं जोडावीत, असा सल्ला मिळाला. आजोबांना या खोलीत राहताना पाहिलेली माणसं हवीत. पहिली साक्षीदार पॅसेजपलीकडची म्हातारी मावशी. दुसरा कोण? आमच्या मजल्यावरची त्या वयाची माणसं उरली नव्हती. मावशीच म्हणाली, "समोरच्या चाळीत तुझ्या बापाचा गिरणीतला जोडीदार आहे. त्याला विचार."

समोरची चाळ म्हणजे बौद्ध बांधवांची. मधे वीस-पंचवीस पावलांचं अंतर. चौदा वर्षं त्या खिडक्या मी रोज बघितल्या, आणि त्या जिन्याने पहिल्यांदा वर चढले ती पन्नाशीत.

बाबांचे हे जोडीदार काका ऐंशीला टेकलेले, कानाने कमी. ओळख सांगितल्यावर त्यांनी मला बसायला सांगितलं आणि पहिलंच वाक्य बोलले, "सही देतो. तुझा बाप माझ्या डब्यातलं खायचा गिरणीत. चाळीत मात्र दारापर्यंतच. तुझ्या आजीकडे एवढी माणसं जेवायची, मी कधी जेवलो नाही. बोलावलं कुणी नाही, मीही म्हटलं नाही."

त्यांचे वडील सूतखात्यात होते. कापडखात्यात पगार जास्त, पण तिथे दलितांना घेत नसत. मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात सुताची नवी कांडी घातली की धागा तोंडाने ओढून घ्यावा लागायचा, आणि ज्याला अस्पृश्याचं तोंड लागलं तो धोटा दुसऱ्याने तोंडाला कसा लावायचा, हे कारण. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उघड मांडला होता. आमची वही मी पुन्हा उघडली. एकतीस नावं, पाच गावं, जात एक. खात्याच्या रकान्यात बहुतेकांपुढे 'कापड'. दहा वर्षांची मी ते लिहीत होते तेव्हा त्याचा अर्थ मला ठाऊक नव्हता. आजीची खाणावळ ज्या पगारावर चालायची तो पगार कुणाला मिळायचा आणि कुणाला नाही, हे त्या रकान्यात लिहिलेलं आहे.

मग मी १९७४ बद्दल विचारलं. आमच्या घरात त्याला 'दगडांचा महिना' एवढंच म्हणत, त्यापुढे विषय बदलायचा. ५ जानेवारी १९७४ ला, मध्य-दक्षिण मुंबईच्या लोकसभा पोटनिवडणुकीच्या तोंडावर, वरळीच्या चाळींत दलित पँथरची सभा होती. दगडफेक झाली, सभा उधळली आणि दंगल पेटली. १० जानेवारीला निषेधाच्या मोर्चात भागवत जाधव हा पँथरचा तरुण मारला गेला. पुढे बराच काळ वरळी आणि नायगाव धुमसत राहिलं. न्यायमूर्ती भस्मे यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली.

"तुमच्या गच्चीवरनं आमच्याकडं यायचे, आमच्या गच्चीवरनं तुमच्याकडं," काका म्हणाले. "फरक एवढाच की पोलीस आमच्या जिन्यानं वर यायचे." थोडं थांबून म्हणाले, "तुझा बाप गच्चीवर होता की नव्हता, ते मी त्याला कधी विचारलं नाही. गिरणीत दुसऱ्या दिवशी शेजारी उभं राहायचं होतं."

मलाही आता विचारता येणार नाही. बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली. पण 'आमची चाळ म्हणजे एक कुटुंब' हे वाक्य मी आयुष्यभर बोलत आले, पोरांना सांगत आले, ते आता माझ्या तोंडून निघत नाही. आमचा पॅसेज एक कुटुंब होता. पंचवीस पावलांवर त्याची हद्द संपत होती.

काकांनी प्रतिज्ञापत्रावर सही केली, ठळक, आडनावासकट. खाली जाताना त्यांच्या सुनेने चहा घ्यायला लावला. मी पुन्हा बसले.

आत्याची परात

एक गोष्ट आडपडदा न ठेवता लिहायला हवी. वरळीत ५०० चौरस फुटांचं घर म्हणजे काय, हे सगळ्यांना कळतं. आत्याच्या मुलांनाही कळतं, माझ्या घरीही कळतं. ना-हरकतीवर सही करायची म्हणजे त्यावर पाणी सोडायचं. चाळीत या एका सहीवरून सख्खी भावंडं बोलेनाशी झालेली मी पाहिली आहेत, आणि वाट बघणाऱ्यालाच दोष द्यावा असंही मला वाटत नाही.

आम्ही चिपळूणला आत्याकडे बसलो. मी सांगितलं ते एवढंच: आजीचं शेवटचं सगळं काकूने केलं, अंथरुणातलं, दोन वर्षं. भाडं काकांनी भरलं. गळका स्लॅब त्यांच्या डोक्यावर होता, आपल्या नाही. आत्या बराच वेळ सुपारी कातरत राहिली. मग म्हणाली, "आईची परात कुठं आहे? ती मला द्या." पितळेची ती परात, जिच्यात एकतीस माणसांच्या भाकरीचं पीठ मळलं जायचं. चुलतभावाने दुसऱ्याच आठवड्यात ती पोचती केली. सही झाली.

ग्रॅच्युइटीचा कागद, दोन रेशनकार्डं, जुन्या-नव्या पावत्या, तीन वारसांची प्रतिज्ञापत्रं, दोन साक्षीदार, असा गठ्ठा जोडून फाईल पुन्हा दिली. या वेळी प्रत्येक पानाची पोच मागून घेतली. त्याला चार महिने लागले, पण चुलतभावाचं नाव यादीत लागलं.

ज्यांच्या घरी असाच पेच आहे त्यांना माझं एकच सांगणं आहे. भाडेपावती आणि रेशनकार्ड सगळेच जपतात. माणसाची दोन नावं जोडणारा कागद मात्र बहुधा नोकरीचा असतो: ग्रॅच्युइटी, प्रॉव्हिडंट फंड, गिरणीचा पास, ईएसआयचं कार्ड. तो पावत्यांच्या पिशवीत नसतो. वहीत, तसबिरीमागे, ट्रंकेच्या तळच्या कागदाखाली असतो. खोली रिकामी करताना रद्दी शेवटी काढा, आणि एकट्याने काढू नका.

खोली गेल्यावर

वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग मिळून १५,५९३ जणांचं पुनर्वसन म्हाडा करते आहे, त्यातली ९,६८९ घरं एकट्या वरळीची. शिवडीची जमीन पोर्ट ट्रस्टची, त्यामुळे त्या चाळी या योजनेत नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना चाळीस मजली इमारतींतल्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. आमची चाळ त्यात नव्हती. चुलतभाऊ घरभाड्याचे महिना २५,००० रुपये घेऊन बाहेर राहतो आणि वाट बघतो. भावजयीला नव्या घरात सगळ्यात आधी काय हवं, तर स्वतःचा संडास. मी तिच्या बाजूची आहे. या चाळी पडायलाच हव्या होत्या, चाळीत राहिलेली कुठलीही बाई हेच सांगेल.

सागाची पट्टी मी घेऊन आले, चौदा खिळ्यांसकट. वहीची पानं एकेक करून फोटो काढून ठेवली. समोरच्या काकांकडे जाऊन त्यांच्या मजल्यावरच्या वीस खोल्यांत कोण कोण होतं, तेही लिहून घेतलं. आधी 'कशाला' म्हणाले, मग तीन दुपारी सांगत बसले. ती यादी मी त्याच वहीच्या कोऱ्या पानांवर उतरवली आहे, एप्रिल १९८२ नंतरच्या.

एकतीसपैकी नऊ जणांच्या घरचा पत्ता आत्तापर्यंत लागला आहे. शिमग्याला गावी गेले तेव्हा पानांच्या झेरॉक्स सोबत नेल्या होत्या. एका घरी म्हातारी आजी पडवीत बसली होती. नातवाने तिला तिच्या नवऱ्याचं नाव दाखवलं, वाचून दाखवलं, ऑगस्ट १९८१, खाडे अकरा. खाडे म्हणजे काय, हे तिने मला विचारलं. मी सांगितलं. तिने कागद मांडीवर ठेवला आणि बोटांवर काहीतरी मोजलं.

"त्या गणपतीला पैसे जास्त आले होते," ती म्हणाली. "मला म्हणाले, बोनस झाला."